पिवळ्या काड्यांचा डबा

मी डबा बोलतोय. डबा म्हटलं की तुम्हाला पिठाचा नाहीतर लाडवांचा आठवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझ्यात खायचं काही कधी ठेवलं नाही आणि कुणी ठेवूही नये. मी स्टेनलेस स्टीलचा आहे. उंचीने वीतभर, भिंती बोटभर जाडीच्या, झाकण आट्यांचं, आणि पोटात पांढऱ्या टेफ्लॉनचा एक पेला बसवलेला. कॉलेजात मला ऑटोक्लेव्ह म्हणायचे. ज्याने मला घडवलं तो मात्र नेहमी डबाच म्हणायचा. मलाही तेच नाव आवडायचं. आता त्याच्या तोंडून ते नाव ऐकलं की नको वाटतं. का, ते सांगतो.

माझा जन्म १९९६ सालचा, दिवाळी होऊन गेल्यानंतरचा. त्याआधी मी दुधाच्या कुठल्याशा यंत्राच्या कामातून उरलेला एक गोल तुकडा होतो आणि बारामतीत भिगवण रस्त्यावर कुंडलिकच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात गंज न चढता पडून होतो. कुंडलिक मोरगावच्या बाजूचा. त्याचा बाप म्हस्कू जन्मभर मेंढरांमागे चालला. कळप विकल्यावर त्याने पोराला आयटीआयला घातलं, आणि पोरगा टर्नर झाला. मी पाहिला तेव्हा कुंडलिक चाळिशीला आलेला होता. लेथ चालवताना तो मान वाकडी करून आवाज ऐकायचा. हत्यार कुठं जास्त खातंय, ते त्याला डोळ्याआधी कानाला कळायचं.

एका दुपारी लुनावरून एक बाई आल्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, बारीक अंगाच्या, हातात वही. त्या संजीवनी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, हंगामी होत्या, नेमणूक वर्षावर्षाची. घर पळसदेवला, उजनीच्या पाण्याच्या कडेला. वडील अप्पा आणि आई द्वारकाबाई वांगी, टोमॅटो, पेरू पिकवायचे आणि माल बाजारात धाडायचे. त्या घरातली ही पहिलीच मुलगी एवढं शिकलेली. मी तिला मनातल्या मनात अगंतुगंच करतो, कारण इतक्या वेळा मला हातात घेतलेलं दुसरं माणूस नाही.

तिने वही उघडून माझं चित्र दाखवलं. कुंडलिकने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुकरच झालं की, मॅडम. पर शिट्टी कुठाय ह्याला?"

"शिट्टी नकोच आहे. आतली वाफ बाहेर जाता कामा नये."

"मग फुटंल की."

"म्हणून तर तुमच्याकडं आले. फुटणार नाही असा करा."

कुंडलिक हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने हातातलं सगळं बाजूला सारून मला लेथला लावलं. आतून कोरताना माझा कीस चकाकत खाली पडत होता आणि मी पोकळ होत होतो. पोकळ होणं दुखतं, हे खरं. तरी त्या माणसाच्या हातात ते सोसवलं.

पहिल्या खेपेला मी गळलो. संजीवनीने माझ्यात पाणी भरलं, वजन केलं, ओव्हनमध्ये तापवलं आणि परत वजन केलं तर ते घटलेलं. तिने मला परत आणून दिलं. कुंडलिकने कुरकुर न करता आटे पुन्हा पाडले. दुसऱ्या खेपेलाही थोडी वाफ निसटली. मग त्याने झाकणाखाली टेफ्लॉनची एक चकती बसवली. तिसऱ्यांदा वजनात रतीभरही फरक पडला नाही. ते सांगायला ती मुद्दाम वर्कशॉपवर आली, आणि त्या दिवसापासून तो तिला मॅडम न म्हणता संजीवनीताई म्हणायला लागला.

ह्याच्यात नेमकं काय करणार, असं त्याने तेव्हा विचारलं. तिने त्याला समजेल असं सांगितलं. काही पदार्थ असे असतात की ते वीज तांब्याच्या तारेसारखी सरळ वाहूही देत नाहीत आणि काचेसारखी पुरती अडवूनही धरत नाहीत. त्यांना अर्धवाहक म्हणतात. तिचा पदार्थ पिवळा होता, कॅडमियम आणि गंधकाचा. उजेड पडला की तो वीज जास्त वाहू द्यायचा. दोन रसायनं एका उग्र वासाच्या द्रवात विरघळवायची, डब्यात भरून घट्ट बंद करायची, आणि तो द्रव उकळून निसटू पाहील पण निसटता येणार नाही इतकं तापवायचं. त्या कोंडमाऱ्यात पिवळ्या पदार्थाचे बारीक कण तयार होतात. ते गोल दाणे होतात, पण तिला हव्या होत्या काड्या. केसाची जाडी हजार-दोन हजार जागी चिरली तर त्यातल्या एकाएवढ्या बारीक काड्या.

"काडी कशाला पायजे? दाण्यानं काय बिघडतंय?" कुंडलिकने विचारलं.

"शेताला पाणी पाटानं द्यायचं की बादलीबादलीनं?" ती म्हणाली. "दाण्यादाण्यातनं वीज नेणं म्हणजे बादलीबादलीनं पाणी नेणं. काडी म्हणजे पाट."

हे त्याला पटलं. मला तर फारच पटलं. आपण कशासाठी आहोत हे जन्मतःच कळणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी जागा खिडकीजवळच्या फळीवर होती. तिथे साखरबाई होत्या. काचेची भांडी घासणं, टेबलं पुसणं, ओव्हनची किल्ली सांभाळणं, सगळं त्यांच्याकडे. संजीवनी हातमोजे घालून मला भरायची. पाऊण भाग, त्याहून थोडं वर, त्याहून कमी, असं दर वेळी वहीत टिपून. मग पाना लावून झाकण आवळायची आणि मला ओव्हनमध्ये ठेवायची. आत जे होई ते कसं सांगू? द्रव फुगायचा, भिंतींवर रेटायचा, बाहेरची वाट शोधायचा, आणि मी अंग घट्ट धरून बसायचो. एवढंच माझं काम, धरून ठेवण्याचं.

पण ओव्हन एकच आणि तो चार जणांना लागायचा. म्हणून वेळ झाली की ती मला चिमट्याने बाहेर काढून परातीतल्या गार पाण्यात उभं करायची. झाकण उघडलं की पिवळी भुकटी निघायची. ती गाळायची, धुवायची, वाळवायची. आणि प्रत्येक वेळी ते दाणेच निघायचे. वीस वेळा, तीस वेळा. पुण्याहून क्ष-किरण तपासणीचा कागद आला की ती तो घडी करून वहीत ठेवायची आणि मला पुन्हा भरायला घ्यायची. कॉलेजात लोक हसायला लागले होते. हळदीचा कारखाना काढलाय, असं कुणीतरी म्हणाल्याचं साखरबाईंनीच तिला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "बीकर कोरडे झाले का?"

९७ सालच्या फेब्रुवारीतला एक शनिवार. मी ओव्हनमध्ये होतो. दुपारी गावातला ट्रान्सफॉर्मर गेला आणि वीज गेली. त्याच वेळी पळसदेवहून फोन आला की द्वारकाबाईंना ताप चढलाय. संजीवनी तशीच निघाली. मला बाहेर काढायचं राहून गेलं. ओव्हनचं दार कुणी उघडलं नाही, त्याच्या जाड भिंतींत ऊब कोंडून राहिली, आणि मी एरवी पाव तासात गार व्हायचो तो त्या दिवशी तासन्‌तास, सावकाश निवत गेलो. माझ्या आत तेव्हा जे चाललं होतं ते मी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं. दाणे एकमेकांना धरून लांब होत होते. घाई नव्हती. कुणी ढकलत नव्हतं.

सोमवारी ती आली. वहीत आधी तिने 'प्रयोग वाया' असं लिहिलं. मग माझं झाकण उघडून भुकटी बीकरमध्ये ओतली आणि काचेच्या दांडीने ढवळली. आणि तिचा हात थांबला. त्या पाण्यात रेशमाच्या लडीसारख्या लाटा चमकत फिरत होत्या. दाण्यांचं पाणी कधी असं चमकत नाही. तिने पुन्हा ढवळलं. पुन्हा लाटा. साखरबाईंना हाक मारून तिने ते दाखवलं, आणि मग 'वाया' हा शब्द खोडला.

पुढे तिने तेच मुद्दाम करून पाहिलं. ओव्हन बंद करायचा, दार उघडायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं. त्यासाठी तिने ओव्हन सुट्टीच्या दिवशी मागून घेतला. आठ वेळा केलं. आठही वेळा रेशीम.

आता त्या खरंच काड्या आहेत का, हे डोळ्यांनी बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवा होता. तो पुण्यात एका संस्थेत होता, आणि तिथे अविराज सरांचा मित्र होता. अविराज सर त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, नोकरीत कायम, बोलायला फार गोड. हसणाऱ्यांमध्ये ते नव्हते. उलट येऊन दहा मिनिटं बसायचे, वही बघायचे, नेमके प्रश्न विचारायचे. तिला त्यांचा आधार वाटायचा. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचा.

पुण्याला जायच्या दिवशी तिचं प्रात्यक्षिक होतं आणि हंगामी माणसाला रजा मागणं जड. सर म्हणाले, मी जातो. तिसऱ्या दिवशी ते खाकी पाकीट घेऊन आले. आतल्या फोटोंत काड्या होत्या. आगपेटी जमिनीवर सांडावी तशा, सरळ, लांब, एकमेकींवर पडलेल्या. संजीवनीने ते एकेक करून खिडकीच्या उजेडात धरले. संध्याकाळी तिने मला पिशवीत घातलं आणि फोटोची एक प्रत घेऊन कुंडलिककडे गेली.

"ह्या काड्या आपल्या डब्यात झाल्या?" त्याने विचारलं.

"आपल्या डब्यात," ती म्हणाली.

त्याने मला उचलून फडक्याने पुसलं. गरज नसताना पुसलं. फोटो त्याने लेथसमोरच्या भिंतीवर चिकटवला. माझ्या आयुष्यात याहून चांगला दिवस आला नाही.

पुढच्या आठवड्यात अविराज सरांनी वही मागितली. निबंध लिहायला हवा, आलेख मी काढतो, तुमचं नाव आधी, माझं नंतर, असं म्हणाले. मी टेबलावरच होतो. तिने स्वतःच्या हाताने वही दिली. सगळी पानं, सगळी वजनं, ते खोडलेलं 'वाया' सुद्धा.

मग महिने गेले. ती विचारायची, सर म्हणायचे, चाललंय, घाई करून चालत नाही. दिवाळी गेली. ९८च्या जानेवारीत पुण्यात कसलंसं मोठं चर्चासत्र झालं आणि आठवड्याने विभागप्रमुखांनी सूचना फलकावर छापील निबंध लावला, कॉलेजचा गौरव म्हणून. संजीवनी तो काढून आत घेऊन आली. त्यावर दोन नावं होती. अविराज सरांचं आणि त्यांच्या पुण्याच्या मित्राचं. तिचं नाव अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, आभारात होतं: भांडी धुणे व इतर मदतीबद्दल.

साखरबाई टेबल पुसत होत्या. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय ताई? संजीवनी म्हणाली, "साखरबाई, तुमचं काम माझ्या नावावर टाकलंय."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने मला उचललं, आत पाहिलं आणि परत फळीवर ठेवलं.

अविराज सर दुपारी आले तेव्हा त्यांना अवघडल्यासारखंही झालेलं दिसलं नाही. मित्राचा आग्रह होता, संस्थेचे नियम होते, पुढच्या वेळी नक्की, असं बरंच बोलले. ती ऐकत राहिली. शेवटी तिने एकच विचारलं, काम कुणाचं?

"मॅडम, तुम्हाला भुकटी मिळाली होती," ते शांतपणे म्हणाले. "ती काडी आहे हे मी दाखवलं."

तिने वही परत मागितली. ती तर कधीच दिली, स्टाफरूममध्ये तुमच्या खणात ठेवली, असं सर म्हणाले. खणात वही नव्हती.

तिने लेखी तक्रार केली. असं करायला काय लागतं ते वर्षावर्षाच्या नेमणुकीवर काम करणाऱ्याला विचारा. अप्पा त्यासाठी पळसदेवहून आले होते, टोपी हातात धरून प्रयोगशाळेत उभे होते. त्यांना रसायन कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "तू केलंस ना? मग लिही." तिने लिहिलं.

पावसाळ्यात चौकशीला तीन जण बसले. बसले प्रयोगशाळेतच, माझ्यासमोर. वही नव्हती, साखरबाईंना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की दोघांनीही प्रयोग करून दाखवावा. ज्याचं काम त्याला जमेल. आधी संजीवनीने केला. दुसऱ्या दिवशी अविराज सरांनी. वही वाचलेल्या माणसाला काय अवघड? त्यांनी तेवढंच भरलं, तेवढंच तापवलं, ओव्हन बंद केला आणि दार उघडलं नाही.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते मी आजही स्वतःला विचारतो. झाकण थोडं सैल सोडलं असतं, थोडी वाफ जाऊ दिली असती, तर त्यांच्या हाती दाणे आले असते. पण मला ते येत नाही. मला धरून ठेवायलाच बनवलंय. मी धरून ठेवलं, आणि त्यांच्या बीकरमध्येही तशाच रेशमी लाटा फिरल्या. संजीवनी बघत होती. माझ्याकडे नाही, बीकरकडे. पहिली दगलबाजी माझीच, असं मला वाटतं. मुद्दाम केलेली नसली तरी.

शेवटचा उपाय म्हणून चौकशीतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, हे भांडं कुणी करून घेतलं? ज्याने करून घेतलं त्याच्या डोक्यात ही कल्पना आधी होती, एवढं तरी ठरेल. संजीवनीचा चेहरा उजळला. तिने कुंडलिकचं नाव सांगितलं.

मला तर शंकाच नव्हती. मी त्याच्या हातातून आलो होतो. ती लुनावरून आली तो दिवस, दोनदा पाडलेले आटे, पाट आणि बादली, सगळं त्याला माहीत होतं. तो आला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"हा डबा तुम्ही केला?"

"व्हय."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कॉलेजातनं सांगितला हुता."

"कॉलेजातून कुणी? या बाईंनी?"

कुंडलिक माझ्याकडे बघत होता. माझ्या झाकणाकडे. "दोघं बी यायचे, सायेब. कोण आधी आलं ते आता ध्यानात न्हाय."

संजीवनी हळू आवाजात म्हणाली, "कुंडलिकभाऊ, सर तुमच्या दुकानात कधी आलेच नव्हते."

"असतील आले, ताई," तो म्हणाला, आणि उठला.

जो माणूस लेथवर केसाएवढी चूक कानाने ओळखायचा, तो एवढं मोठं खोटं बोलताना स्वतःचा आवाज ऐकू शकला कसा? मला तेव्हा कारण माहीत नव्हतं. नंतर साखरबाईंच्या बोलण्यातून कळलं. पुण्याच्या त्या संस्थेला माझ्यासारखे वीस डबे हवे होते. काम कुणाला द्यायचं ते सरांच्या मित्राच्या हातात होतं. चौकशीच्या आदल्या आठवड्यात सर भिगवण रस्त्याला जाऊन आले होते. एका अर्थी कुंडलिक खरंच बोलला. सर आले होते. उशिरा, पण आले होते.

चौकशीचा निकाल असा की काम उभयतांचं आहे, वाद सामोपचाराने मिटवावा. पुढच्या वर्षी संजीवनीची नेमणूक झाली नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. किल्ल्या द्यायला ती आली तेव्हा तिने मला शेवटचं धुतलं, पेला वेगळा, झाकण वेगळं, आणि वाळत घातलं. साखरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तिने त्यांचा हात दाबला आणि ती गेली.

अविराज सर त्या निबंधावर परदेशात गेले. जाण्याआधी त्यांनी ओव्हनच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवून घेतला. नाव 'अविराज पद्धत'. त्यातली शेवटची ओळ अशी: ओव्हन बंद करावा व दार न उघडता आपोआप निवू द्यावा. विद्यार्थी ती मोठ्याने वाचायचे. मला प्रत्येक वेळी तो शनिवार आठवायचा, तापलेली आई आणि घाईने निघालेली मुलगी.

नव्या हातांनी मला नीट वागवलं नाही. पान्याला पाइप लावून झाकण आवळायचे. आटे झिजले. ९९च्या मे महिन्यात ओव्हनचं दार दुरुस्त करायला कुंडलिकला बोलावलं. त्याने मला फळीवर पाहिलं, उचललं, आट्यांवरून अंगठा फिरवला. दुरुस्त करून देतो म्हणून तो मला घेऊन गेला. लेथसमोरची भिंत आता कोरी होती, काड्यांचा फोटो तिथे नव्हता, आणि बाकावर माझ्यासारखेच दहा-बारा नवे डबे ओळीने मांडलेले. त्याचं काम अजून चालूच होतं. त्याने माझे आटे नव्याने पाडले, मन लावून, पूर्वीसारखी मान वाकडी करून. मला वाटलं, आता मला परत नेईल. पण त्याने मला धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, एसटी धरली, भिगवणला बदलली आणि पळसदेवला उतरला.

उजनीचं पाणी खूप मागे हटलं होतं. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलेलं. अप्पा वांग्याच्या वाफ्यात होते. ते आले आणि ओसरीवर बसले. द्वारकाबाईंनी पाणी दिलं. संजीवनी आतून आली. ती आता इंदापूरला हायस्कुलात शिकवायची. कुंडलिकने फडकं सोडून मला तिच्यापुढे ठेवलं.

"मी खोटं बोललो, ताई. तुमीच आला हुता. एकट्याच. समदं ध्यानात हाय मला." त्याने हात जोडले. "दुकानाला काम नव्हतं. लेथ बंद ठिवायची पाळी आली हुती. वर्ष झालं, आन्न गोड लागंना. माफ करा."

तिने मला उचललं. झाकण फिरवून पाहिलं, पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाली, "लिहून द्याल?"

"काय?"

"आत्ता जे बोललात तेच. कागदावर. मी विद्यापीठाला पाठवीन."

कुंडलिकने मान खाली घातली. "आता कशाला लिवायचं? सायेब तर गेलं परदेशात."

"मी इथंच आहे."

"पुण्याचं काम चालू हाय अजून, ताई. नाव लिवलं की ते जातंय."

तेवढ्यात अप्पा बोलले. "मग तुमी आला कशाला, कुंडलिकराव?"

तेव्हा मला कळलं. त्याला माफी हवी होती. साक्ष द्यायची नव्हती. मी त्या ओसरीवर तिच्या हातात होतो, आणि मनात म्हणत होतो, मला तरी ठेवून घे. मी तुझा आहे. हवं तर माझ्यात पेन्सिली ठेव.

तिने मला परत फडक्यात ठेवलं.

"हा कॉलेजच्या नावावर आहे. नेऊन द्या." मग थोडं थांबून तिने सांगितलं, की तिने पीएचडीसाठी नोंदणी केली आहे, पुण्याच्या एका मार्गदर्शकांकडे. या वेळी पिवळं कॅडमियम नाही, जस्ताचा पांढरा पदार्थ. शाळेतल्या एका मुलीचे वडील लोणी देवकरच्या कारखान्यात टर्नर आहेत, ते नवा डबा करून देणार आहेत.

कुंडलिक घाईने म्हणाला, "मी करून देतो की, ताई. असाच. तुमचा आकार मला पाठ हाय."

"नको," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही. द्वारकाबाईंनी पुढे केलेला चहा त्याने घेतला, निम्मा ठेवला आणि उठला.

त्याने मला कॉलेजात नेऊन दिलं नाही. तिथे सांगितलं की आटे गेले, डबा कामातून गेला. कॉलेजने सामानाच्या नोंदवहीत माझ्या नावावर रेघ मारली. वास्तविक माझे आटे तेव्हा नव्यासारखे होते. त्यानेच पाडले होते. ज्याने मला जन्म दिला त्यानेच मी मेल्याचं सांगितलं. आणि नजरेसमोरही नको म्हणून मला बाकाखाली, जुन्या पट्ट्यांच्या मागे सारलं. तिथेच मी आहे. वर लेथ चालते. माझी भावंडं घडतात, खोक्यात भरून पुण्याला जातात. कुंडलिक आता काम करताना रेडिओ मोठ्याने लावतो.

संजीवनीवर माझा राग नाही. पण दुःख आहे, ते लपवत नाही. माझ्या जागी आता दुसरा कुणी तिच्या हातात आहे, त्याच्यात पांढऱ्या काड्या वाढतायत की दाणेच निघतायत, मला कळायला मार्ग नाही. वाढू देत. त्याने घट्ट धरून ठेवावं, आणि तिने या वेळी वही कुणाला देऊ नये.

आणि लोणी देवकरच्या त्या टर्नरभाऊंना कुणी भेटलं तर माझा एक निरोप द्या. मी तुम्हाला ओळखत नाही. तुमचा हात कुंडलिकएवढा साफ नसला तरी चालेल, एखादा आटा इकडेतिकडे झाला तरी चालेल. पण उद्या तीन माणसं समोर बसली आणि हा डबा कुणी करून घेतला म्हणून विचारलं, तर डब्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा आणि सांगा की संजीवनीबाई आल्या होत्या, एकट्याच आल्या होत्या.